फियाटचं पांढरं स्टिअरिंग

(विसरवाडी. महामार्गालगत रेवजीचं कुशनवर्कचं दुकान. निवृत्त बन्सीलाल मास्तर आपल्या जुन्या फियाटमध्ये बसलेले.)

बन्सीलाल : ...सीटा झकास. दारांचं रेक्झिन झकास. डॅशबोर्डात तर तोंड दिसतंय. पण रेवजी, हे स्टिअरिंग माझं नाही.

रेवजी : ल्या! मास्तर, डोळानं ऑपरेशन कधी करी ऱ्हायना?

बन्सीलाल : डोळ्यानं नाही, अंगठ्यानं सांगतोय. चाळीस वर्षं डाव्या अंगठ्याखाली तांब्याची तार लागायची.

रेवजी : तीच घासी टाकी ना! भेगा भऱ्यात, पॉलिशपेपर मारा, वर तीन हात रंग. काल एक माशी बसनी, ती घसरीसन डायरेक नवापूरले गयी.

बन्सीलाल : तार घासली?

रेवजी : घासी नई, काढी.

बन्सीलाल : आत्ता घासली म्हणालास.

रेवजी : आधी घासी, मंग काढी.

बन्सीलाल : दाखव.

रेवजी : उंदीर लई गया.

बन्सीलाल : तांब्याची तार?

रेवजी : इसरवाडीना उंदीर शेतस, मास्तर. टरकना टायर खातस!

बन्सीलाल : धडगावच्या घाटात स्टिअरिंग तडकलं, तेव्हा ती तार दातांनी पिळलीस तू. ओठ फाटला होता तुझा. परवा मुलगा म्हणाला, गाडीचं काम सुरतेला देऊ. मी म्हटलं, रेवजी असताना? आता उंदीर पुरे. कुठंय माझं स्टिअरिंग?

रेवजी : ...एक शेठ उना व्हता. जुन्या गाड्यांना शौकीन. त्याले बाकी काहीच नको, तेच पाहिजे.

बन्सीलाल : आणि तू दिलंस.

रेवजी : लगेच नई! तो म्हने, मालकले इचार.

बन्सीलाल : मग विचारायचं होतं.

रेवजी : तू नईच म्हनता.

बन्सीलाल : नाहीच म्हणालो असतो.

रेवजी : म्हनीन सांगं त्याले... मालक मरी गया.

बन्सीलाल : ...कसा मेलो मी?

रेवजी : जाऊ दे ना, बन्शी.

बन्सीलाल : सांग. तुझ्या गोष्टी मी कधी अर्ध्यावर सोडल्यात?

रेवजी : त्याच घाटमा. गाडी दरीकडे सरकनी. तू मले बाहेर ढकलं. शेवटलोंग तुन्हा हात स्टिअरिंगवरच व्हता.

बन्सीलाल : त्याला पटलं?

रेवजी : डोळा पुसात त्यानी. मीबी रडनू. खरंच रडनू, तुन्ही आन!

बन्सीलाल : शपथ कुणाची घेतोस, त्या मेलेल्याची?

रेवजी : ...बस ना जरा. चहा सांगस दोन.

बन्सीलाल : एकच सांग. तुझ्यापुरता.