तपासणीचा फोन

“पुरे झाली शाळा, सिंधे.” चाळीस वर्षांपूर्वीचा बापाचा आवाज लातूरच्या बसस्थानकावर सिंधुबाईंच्या कानात पुन्हा घुमला. मागच्या बाकावर एक अनोळखी मुलगी मांडीवरच्या लॅपटॉपला जुना फोन जोडून बसली होती आणि शेजारी तिचा बाप कुरकुरत होता.

“दिसला का गं फोन कम्प्युटरात, सृष्टी?”

“आत्ता दिसला, अप्पा. तीन दिवस जीव खाल्ला त्यानं. वायर बदलली, सेटिंगा धा डाव केल्या.”

“काका म्हणतो, इकून टाक तो कम्प्युटर अन् आपल्या दुकानात बस.”

“काकाला म्हणावं, तूच बस. अ‍ॅप तपासायचं काम मी घेतलंय, मी न्हाई सोडणार.”

“पर असल्या जुनाट फोनात काय तपासायचं?”

“गावोगावी असलेच फोन हायत, अन् अ‍ॅप ह्याच्यातच बंद पडतंय. ते सांगायलाच मला घेतलंय. सोमवारी फोन जोडलेला दिसला न्हाई तर काम गेलं असतं.”

“दुरुस्तीवाला काय म्हणला मग?”

“चार्जिंगच्या भोकात पांढरी राख भरली होती म्हणला. राख कुठून आली, अप्पा?”

बापलेकीची उदगीरची गाडी लागली. अप्पा जागचे हलले नाहीत.

“राख न्हाई, माय. विभूती हाय ती.”

“विभूती?”

“पहिल्याच दिवशी तू आंघोळीला गेलतीस, तवा मीच तीन बोटं ओढली. लॅपटॉपला, फोनला. आपल्या तराजूला ओढतो तशी. तुझं बी दुकान चालावं म्हणून.”