मिरचीच्या धुरातली परेड

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराबाहेर मी कधी दोन पानं सलग लिहिलेली नाहीत. काशिनाथमामा आमच्या गल्लीत राहतात, अग्निशामक बंबावर नोकरीला आहेत. ते बोलत गेले, मी उतरवत गेलो. कुठं चुकलं असेल तर ती चूक माझ्या हाताची आहे, त्यांच्या बोलण्याची नाही.

आमी मूळचे ताडकळसकडले. बाप सालगडी होता, अन् खळ्यावर धान उपणायला त्याच्यासारखा माणूस न्हाई, तिवईवर उभा राहून सूप धरायचा अन् वारा जरा फिरला की आधी सोताची जागा बदलायचा, मंग सूप हलवायचा. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला अन् खेड्यापाड्यांत आपल्या लोकांची घरं जळली, ते मी तुला काय सांगू, तुझ्या आईला इचार. आमचं घर वाचलं. पण बाप म्हणला आता हितं राहायचं न्हाई, चल. परभणीत आलो. हमाली केली, मंग बंबावर लागलो. घरं जळताना बघितलेला माणूस, इझवायच्या कामाला लागला, बरं वाटायचं बाबा, खरंच बरं वाटायचं.

मंग ते भोपाळ झालं. त्याच्यानंतर वरून हुकूम आला की बंबावरल्या एका माणसाला गॅसचं शिक्षण द्यायचं, मुंबईला पाठवा. कोणी जायला तयार न्हाई. कोणाची पेरणी, कोणाची सोयरीक. मी म्हणलं मी जातो. अरे काय सांगू तुला, काय काय दाखवलं तिथं! तवर आमाला काय ठाव, घंटा वाजली की पळायचं अन् पाणी मारायचं. तिथले साहेब म्हणले, पळणारा आधी मरतो. आधी थांबा. वारा कुठला ते बघा. काय सांडलंय ते दुरून ओळखा. लोकांना वाऱ्याच्या आडव्या अंगानं बाहेर काढा. अमोनिया असला तर हवेतल्या वाफेवर फवारा धरा, पण खाली पातळ सांडलेला असंल त्याच्यावर धार मारू नका, आणखीनच उसळतो. मी ऐकायलो अन् मला बाप दिसायला लागला, तिवईवर उभा. मी मनात म्हणलं, हे तर आपल्या घरचंच हाय की!

परत आलो तवा पायाला भिंगरी. बंबावर भुसकटाची थैली अडकवली. मूठभर उडवायचं, कुठं जातंय बघायचं, उलट्या अंगानं गाडी लावायची. आमचा डायवर बशीरभाई म्हणला, क्या काशिनाथ, बंबाला बैल जुंपायलास का? म्हणलं हसा, लय हसा, पण गाडी तिकडून घ्या.

सामान मिळालं ते एका माणसापुरतंच. पाठीवरची हवेची नळकांडी दोन, पण तोंडावरचा मास्क एक. म्हणजे काम असं की पहिला माणूस मास्क घालून आत जाणार, कमरेला दोरी, दोरी बाहेरच्याच्या हातात. हवा संपत आली की शिट्टी वाजती, शिट्टी वाजली की हातातलं काम टाकून बाहेर. मंग दुसऱ्यानं नवं नळकांडं लावायचं, मास्क तोच, अन् आत.

हितंच गाडी अडली.

मास्क आधी मी घालून दाखवला. मंग लक्ष्मणनं, तो आमच्याच भावकीतला. तिसरा नंबर दादारावचा. दादाराव म्हणजे चांगल्या शेतकरी घरचा, भरघोस मिशीचा, छातीचा माणूस, सेलूला जिनिंग पेटली तवा कापसाच्या गंजीत घुसलेला. मनानं वाईट बिलकुल न्हाई. पण त्या दिवसांत विद्यापीठाचं नाव बदलायचं का न्हाई याच्यावर टपरीवर दोन बाकडे झालते, अन् तो त्या बाकड्यावर, आमी ह्या. बंबाच्या ठेसनात त्याचा तांब्या येगळा. त्यानं मास्क हातात घेतला, आत बघितलं. आत आमच्या तोंडाची वाफ. म्हणला, काशिनाथ, हे उष्टं हाय. म्हणलं दादाराव, हे ताट न्हाई. तो म्हणला, तोंडाला लागलं की उष्टंच. माझा पंचा भिजवला की बास, जिनिंगला काय मास्क होता? म्हणलं जिनिंगला धूर होता, अन् तू उघड्यावर होतास. हितं चार भिंतीत गॅस भरला तर पंचा काय करंल? तर न्हाई म्हणला.

भांडलो न्हाई मी. जुन्या जकात नाक्याची खोली रिकामी होती, तिथं मी गोवऱ्या पेटवल्या अन् वरून टाकल्या पसाभर लाल मिरच्या. दार लावलं. म्हणलं आत कोपऱ्यात ज्वारीचं पोतं हाय, तो आपला बेशुद्ध माणूस, त्याला बाहेर आणायचं, चला. लक्ष्मण मास्क घालून गेला, पोतं अर्ध्यात आणलं, मी मुद्दाम हाक मारून त्याला बोलावून घेतलं. आता दादाराव. पंचा भिजवला, तोंडाला करकचून बांधला, गेला. अन् गेला तसा आला! डोळ्याला धारा, मिशीला धारा, शिंकायलाय, मला शिव्या द्यायलाय, माझ्या बापाला द्यायलाय. बशीरभाई स्टेरिंगवर डोकं ठेवून हसायलाय. म्हणला, दादाराव, पोत्याचा जीव गेला रे.

दादाराव हसला न्हाई. घरी गेला. तवापासून परेडला, म्हणजे सरावाला यायचा, दोरी धरायचा, भुसकट उडवायचा, सगळं इमानदारीनं, पण मास्कची पाळी आली की म्हणायचा, खरा टाइम आला की बघू. अन् मला त्याचीच धास्ती. खऱ्या टाइमाला हा गडी पंचा बांधून घुसणार, माघं सरणारा तो न्हाई, अन् मरणार. अन् शिकवणारा कोण? मी.

मंग तो दिवस आला, अन् मी तिथं न्हाई! भाचीचं लगीन होतं ताडकळसला. अक्षता पडल्या, जेवलो, दुपारच्या यष्टीनं निघालो, तर पिंगळीला गाडी उभी. लोक सांगायलेत, परभणीत बर्फाच्या कारखान्यात पाईप फुटला, अमोनिया सुटलाय, रस्ता बंद. कारखाना रुळाला लागून, म्हणून रेल्वे बी बंद. तिकडून एक मोटारसायकलवाला आला, डोळे लालभडक. त्याला धरलं. म्हणलं बंब आला का? म्हणला, आलाय, कायतरी भुसा उडवून गाडी लांबून वळसा घालून लावली. अरे, मला हसावं का रडावं कळंना! म्हणलं आत कोण हाय? म्हणला, कारखान्याचा मिस्त्री आत पडलाय. एक पोरगं मास्क घालून गेलतं, कॉक बंद केला त्यानं, पण शिट्टी वाजली अन् तसंच बाहेर आलं. म्हणलं लक्ष्मण! शाबास! मंग? म्हणला, मंग मी निघालो. निघताना तो मिशीवाला हाय न्हाई का, तो नळावर पंचा भिजवायला होता.

झालं.

पिंगळीच्या रेल्वे ठेसनात पळालो. मास्तर भला माणूस, त्याच्याकडं परभणीचा फोन. म्हणलं साहेब, माझी माणसं हायेत तिथं, इचारा. त्यानं फिरवलं, कोणी उचलंना. परत फिरवलं. बाकड्यावर बसवंना, उभं राहवंना. मी मास्तरला सगळं सांगायलो, मास्क, मिरच्या, पंचा, तो बिचारा ऐकायलाय. मी म्हणत होतो, दादाराव, एवढ्या टाइमाला ऐक. नावाचं काय व्हायचं ते होईल, तुझं बाकडं तुझ्यापाशी राहू दे, तांब्या तुझ्यापाशी राहू दे, पण तेवढा मास्क घाल. माझ्या तोंडचा हाय तर हाय.

अन् फोन वाजला. मास्तर नुसता हूं हूं करायला, माझ्याकडं बघंना. मंग एकदम हात वर केला. म्हणला, गाडीला लाइन मिळाली, गॅस उतरला. म्हणलं साहेब, माणसं! त्यानं फोनमधी इचारलं. ऐकलं. परत इचारलं, मिशीवाला का? मंग फोनवर हात ठेवून माझ्याकडं वळला अन् म्हणला, तुमचा मिशीवाला मिस्त्रीला खांद्यावर टाकून बाहेर आला, मिस्त्रीला दवाखान्यात नेलंय, बोलायलाय तो. दोघं जित्ते हायेत.

म्हणलं साहेब, अन् तो पंचा?

मास्तरनं फोनमधी इचारलं, मंग म्हणला, पंचा मिस्त्रीच्या तोंडाला बांधला होता. मास्क ह्याच्या तोंडावर होता.