पोळ्याच्या करीची पाटोडी

...अन् अंड्यातलं पिवळं फेकून देते हो! फेकून! माह्या डोळ्यानं पाह्यलं म्या. सहा अंडी उकडली, सोलली, पांढरं पांढरं खाल्लं अन् पिवळं ठेवलं कुत्र्यापुढं. थे कुत्रं बी माह्या तोंडाकडं पाहून राह्यलं, म्हने काय झालं या लोकायले, आज काही सण हाये का? म्या सुनेले म्हनलं, "शीतल, माय, कोंबडीनं अर्धं अंडं तुह्यासाठी अन् अर्धं कुत्र्यासाठी घातलं का?" तं म्हनते, "बाबा, पिवळ्यात फॅट असतं. माझं प्रोटीन चालू आहे." चालू आहे! जसं वावरात बोअर चालू हाये!

तुमाले सांगतो, चौऱ्याहत्तर वरसं झाले, मी खाऊन राह्यलो. चौथीत होतो तवा मास्तरची बदली झाली, मास्तर गेले, मी बी घरी आलो, परत कोनी बोलावलं नाही. शिक्षन तेवढं. पन पचवाची अडचन कधी आली नाही. अन् आता घरातले सगळे शिकलेले लोकं मले जेवन शिकवून राह्यले. तिकडं इचोड्याचा तेलगू डॉक्टर, थो वेगळा. कागद पाह्यला, मान हलवली, म्हने, "पेद्दायना, शुगर उंदी." म्हंजे म्हाताऱ्या, साखर हाये तुह्यात. म्या म्हनलं, असन ना, गोड मानूस हाये मी! थो हसला नाही. गूळ बंद, भात अर्धा, मटन महिन्यातून एकदा, अन् तीन महिन्यानं परत या म्हने. घरी आलो तं बायको म्हनते मटन महिन्यातून एकदा बी काऊन? सून म्हनते मटन खा, भाकर सोडा. अरे, सांगा ना बाप्पा, मानसानं खावं तं काय खावं?

बायकोचं सांगतो. कुसुमबाई. माहेर महानुभावाचं. थे मटनाचं नाव घेत नाही, 'थे' म्हनते. 'थे' करायचं असन तं बाहेर बैलाच्या कोठ्यात करा, 'थे' खाल्लं तं आंग धुऊन घरात या. बावन्न वरसं झाले लग्नाले. कोठ्यात तीन दगडाची चूल वेगळी, शिजवाचा गंज वेगळा, पळी वेगळी. आमच्या इकडं तसं बी मटन मानसंच शिजवतात, बायाचं काम नाही थे. मी पन्नास मानसाचं मटन एकटा उतरवतो, दहा गावं नाव काढतात. पन माह्या हातचं त्या बाईनं बावन्न वरसात एक घास खाल्ला नाही. एकदा तिले ताप होता, म्या त्या गंजात नुसतं पानी गरम करून देलं, पानी! तं थंडगार पान्यानं औषध घेतलं तिनं.

आता एवढं चालतच होतं. एकीकडं थे, एकीकडं हे, आदमी मधातून वाट काढते. पन यंदा पोळ्याले नात आली. अश्लेषा. माहा पोरगा राजकुमार अन् शीतलची पोरगी, हैदराबादले नोकरी करते. दोन वरसानं आली हो! सहा वरसाची होईस्तोर माह्यापाशीच होती, दात आले तवापासून रश्श्यात भाकर कुस्करून म्याच चारली, नाकातून पानी यायचं तरी "अजून दे, आबाजी" म्हनायची. तं म्या मोठ्या खुशीनं म्हशीच्या दुधाचा घट्ट चहा पुढं केला. तं म्हनते,

"आबाजी, मी दूध नाही घेत."

"काऊन? पोट बिघडलं?"

"नाही. मी वीगन झाले."

म्या म्हनलं कोनत्या देवाचं असते थे? तं सांगून राह्यली: मटन नाही, अंडं नाही, दूध नाही, तूप नाही, दही नाही, मध बी नाही! म्या म्हनलं, मधमाशीनं तुह्याकडं तक्रार केली का? तं म्हनते, "आबाजी, ते दूध वासराचं आहे." असं म्हनावं मले? मले! अरे, वासरू पाजल्याशिवाय आमी धारेले बसत नाही! एक थान तं आमी वासरासाठीच सोडतो! तं पोट्टी हळूच म्हनते, "चारातलं एक ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धारेले बसलो तं थानाकडं पाहूनच राह्यलो. चारातलं एक. पोट्टी चुकली नव्हती, अन् याचाच मले जास्त राग आला.

अन् तुमाले सांगतो, राग आला की माह्या तोंडाले कुलूप नाही. पोळ्याचा दिवस. बैलं सजवले, तोरनाखालून नेऊन आनले, दारात ओवाळले, सगळा पाडा जमला. कुसुमबाईनं पुरनपोळी केली, वर तुपाची धार. पोरगी म्हने, "आजी, माझ्या पोळीला तूप नको, तेल लाव." आजी लगेच हो म्हनली बी. झालं होतं, मिटलं होतं! मले मधात बोलाचं काय काम होतं? पन बोललो. सगळ्यायच्या समोर, मोठ्यानं: "आमच्या घरचं गोड लागत नसन तं जा, बैलाजवळ बस अन् कडबा खा!"

लोकं हसले. पोट्टी नाही हसली. ताट सरकवलं, आत गेली. सांजचं जेवली नाही. सकाळी पिशवीतून कायचे तरी सुके फुटाने काढून खाल्ले अन् ब्यागची चेन लावली. चार वाजताची गुडीहत्नूरची बस पकडते म्हने, तिथून हैदराबाद. राजकुमार काय बोलन? बायको प्रोटीन म्हनते तं थो प्रोटीन म्हनते, आई वरन म्हनते तं थो वरन म्हनते. थो नुसता बुटाची लेस बांधून राह्यला, बापाकडं पाहतच नाही.

मंग कुसुमबाई कोठ्यात आली. उंबऱ्याशी उभी राह्यली, म्हनली, "पोरगी उपाशी अन् रडत चालली. आता थे परत येनार नाही. तुमी अन् तुमचे बैल, रहा दोघं."

एवढंच. भांडली असती तं बरं झालं असतं.

आता म्या काय करावं? माफी मांगता येत नाही मले, थे चौथीपुढं शिकवत असतीन. मले एकच येते. चूल पेटवता येते. त्या दिवशी पोळ्याची कर. म्हंजे सगळा श्रावण कोरडा काढल्यावर घरोघरी मटन, भावकी एका पंगतीत. माहा लहाना भाऊ देवाजी सकाळपासून बोकडाचं मटन घेऊन चुलीपाशी बसला होता, नाक धुरात घालून, असा खुश की इचारू नका. त्याच्या बाजूले म्या तीन दगड आनखी मांडले.

देवाजी म्हने, "दादा, दोन-दोन चुली? पाहुने येऊन राह्यले का?"

म्या म्हनलं, "पाटोडी करतो. पोरीसाठी."

देवाजी असा पाहून राह्यला जसं मले वारं लागलं.

कुसुमबाईनं ऐकलं, आत गेली अन् घरातला पितळी गंज घेऊन आली. तिचा! वरनाचा! कोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवला, "मटनाच्या पळीनं हात लावाल तं पाहा," म्हनली अन् गेली. बावन्न वरसात घरातला गंज पह्यल्यांदा कोठ्यात आला, तुमाले सांगतो, म्या आधी हात धुतले, मंग उचलला.

बेसन घाटलं, मिरची, जिरं, लसूण, ताटात थापलं, वरून किसलेलं खोबरं, वड्या पाडल्या. कांदा विस्तवात भाजला, सुकं खोबरं भाजलं, धने, तीळ, खसखस, दगडफूल, सारं पाट्यावर घेतलं. वरवंटा मागंपुढं रेटून राह्यलो, डोळ्यातून पानी, थे कांद्याचं, आधीच सांगून ठेवतो. मसाला तोच, मटनाचाच, मले दुसरा येतच नाही! शेंगदान्याचं तेल. तूप नाही, दही नाही. पोट्टी ब्यागवर बसून ओसरीतून पाहून राह्यली होती. ब्यागवरून उठत नव्हती. पन पाहून राह्यली होती.

रस्सा उकळला, वास सुटला. मी लाकूड आनाले वळलो. पाठ फिरवली तेवढ्यात या देवाजीनं, या माह्या सख्ख्या भावानं, मटनाच्या गंजातली वरची लाल तर्री पळीभर घेतली अन् ओतली पाटोडीत!

"हे काय केलं बे!"

"रंग येऊन नाही राह्यला होता, दादा. आता पाहा कसा आला."

"अरे, थे पोरगी..."

"तर्रीच तं हाये. तुकडा थोडीच हाये! कोनाले समजते? हूं का चूं करू नको. जीव लावून टाकली म्या."

अन् खरंच जीव लावून टाकली होती हो त्यानं, हीच तं पंचाईत. तीन वाजत आले होते. चारची बस. रश्श्याले रंग असा आला होता की काय सांगू. म्या गंजाकडं पाह्यलं. कोनाले समजनार नव्हतं. पोरगी खाईन, खुश होईन, थांबन. अन् मी जनमभर तिच्या तोंडाकडं पाहताना ही पळी पाहीन. तुमीच सांगा, मानसानं खावं तं काय खावं हे राहू द्या, मानसानं चारावं तं काय चारावं?

म्या उचलला गंज अन् सगळा रस्सा, वड्यासकट, ओतला देवाजीच्या मटनात. देवाजी बोंबलला. सारा श्रावण ज्याची वाट पाह्यली त्या मटनात बेसनाच्या वड्या पोहून राह्यल्या! म्या म्हनलं, "आता तुह्या मटनाले बी रंग आला." गंज कुसुमबाईच्या डोळ्यासमोर राखेनं घासला, तीनदा धुतला, परत पाट्यापुढं बसलो. पन खरं सांगतो, हात चालेनात. सत्तरी उलटली की दुसऱ्यांदा मसाला वाटनं म्हंजे नांगर वढनं हाये. बसची येळ होऊन राह्यली होती.

तं पाट्यावर सावली पडली.

"सरका, आबाजी."

ओढनी खोचली, वरवंटा घेतला. तिनं सारं पाह्यलं होतं. वाटता वाटता म्हनली, "टाकून काऊन दिलं? मला कळलं नसतं." हैदराबादवाली 'काऊन' म्हनली, तवाच माहा जीव भांड्यात पडला.

म्या म्हनलं, "थे कडब्याचं... म्या म्हनलो ना... थे काही..." अन् गाडी अडली. शेवटी म्हनलं, "मीठ किती टाकू, थे सांग."

म्हनली, "तुम्हाला नेहमी लागतं तेवढं."

चारची बस आली, पों-पों केलं अन् गेली. आमी वड्या पाडून राह्यलो होतो.

पंगत बसली सहा वाजता. पोरगी माह्या बाजूले. तीन भाकरी खाल्ल्या! तीन! नाकातून पानी, अन् वाटी पुढं. शीतलनं एक वडी चव पाहाले घेतली, मंग ज्यात प्रोटीन मोजते थो फोन उलटा ठेवला अन् मोजायचंच सोडून देलं. बेसनात बी प्रोटीन असते म्हने, आता सांगून राह्यली! राजकुमार बी म्हने, हो, असते. देवाजी मटनातल्या वड्या काढून ताटाच्या कडेले ठेवून राह्यला, मंग एक खाल्ली, मंग दुसरी, मंग कडेले एक बी राह्यली नाही. अन् कुसुमबाई. सगळ्यायचं झाल्यावर बसली. भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला. पह्यला घास, बावन्न वरसातला.

म्हनली, "खारट हाये."

अन् वाढून घेतलं. दोनदा.

पोरगी चार दिवस राह्यली. म्हशीचं दूध तिनं घेतलं नाही ते नाहीच, अन् मी सोडलं नाही ते नाहीच. फक्त वासराले आता दोन थानं सोडतो. कोनाच्या सांगन्यावरून नाही, वासरू बारीक होतं. डॉक्टरकडं गेलो तं साखर थोडी उतरली म्हने, काय खाल्लं पेद्दायना? म्या म्हनलं, सगळ्यायच्या शिव्या.

मंग परवा फोन आला. "आबाजी, एक सांगायचंय. रागवू नका. एक मुलगा आहे. कुलदीप. आम्ही लग्न करायचं म्हणतोय. दिवाळीत घेऊन येऊ?"

घरात सगळे माह्याभवताल. बायको हातानं खुनावून राह्यली, कोनाचा हाये इचारा. राजकुमार, नोकरी इचारा. देवाजी, वावर किती इचार. आमच्या काळी गोत इचारल्याशिवाय पानी देत नव्हते बाप्पा! म्या गळा साफ केला, आवाज चढवला, अन् माह्या तोंडातून निघालं काय?

"खाते काय थो?"

मंग हळूच म्हनते, "आबाजी... तो ना... फक्त मटण खातो. मटण अन् अंडी. भाकर नाही, भात नाही, भाजी नाही. त्याचं डाएटच तसं आहे."

"अन् तू?"

"मी वीगनच."

"मंग घरात कसं करनार माय तुमी?"

"दोन गंज, आबाजी. जमतं."

म्या डोकं धरलं, अन् म्हनलं, आन त्याले. उपाशी तं कोनी जानार नाही इथून. अख्खं बोकड सांगून ठेवलं. देवाजी तिथंच बसला होता, त्याचं तोंड उतरलं. म्हने, "दादा, सगळं मटन थोच खाईन, मंग आमी काय खावं?"

म्या म्हनलं, पाटोडी खा, बावा. मी बी तेच खातो आता.