गाडी नसलेली वाट

इटलीच्या त्या सायकल ट्रिपचं विचारू नकोस. मी आणि सुहास, दोघंही मँचेस्टरचे डॉक्टर. त्याच्या बायकोची, मेधाची, एकच अट होती: गाड्यांच्या रस्त्यावर सायकल न्यायची नाही. म्हणून आम्ही शेतांमधली खडीची वाट धरली.

तिसऱ्या दिवशी चढावर सुहास छाती चोळत खाली बसला. "ॲसिडिटी आहे रे. सकाळी चिवडा खाल्ला ना."

मी डॉक्टर असून मान डोलावली आणि त्याला गोळी दिली.

दहा मिनिटांत तो कोसळला. मी छाती दाबत राहिलो. ॲम्ब्युलन्स खाली, वाटेवर गाड्या येऊ नयेत म्हणून लावलेल्या फाटकापाशी अडली. माणसं स्ट्रेचर घेऊन पळत वर आली, तोवर सगळं संपलं होतं.

मेधाला फोनवर सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, "गाडीनं उडवलं का?"

म्हटलं, "नाही गं. तिथे गाडी येतच नाही."