टाकीवरचा तास

बब्रुवान : न्हाय मॅडम, फोन तिला मिळायचा न्हाय. त्यो पेटीत कुलपात हाय. तेवढं सोडून बोला. च्या घ्या.

शामला : मी फोन मागायला आले नाही, बब्रुवानराव. कॉलेजात काल कळलं, आरोही पाण्याच्या टाकीवरून पडली. तशीच सकाळच्या जीपनं निघाले. पाय कसा आहे?

बब्रुवान : हाय की जागेवर, बघा. दोन ठिकाणी मोडलाय, आत सळई घातलीया. रोज पहाटं डांबरीवर पळायची, पोलीसभरतीसाठी. म्या गावभर सांगत फिरायचो, आमची आरोही फौजदारीण हुणार. आता गाव मला सांगतंय.

शामला : काय सांगतंय?

बब्रुवान : तुमी मास्तरीण बाई, तुमच्यापुढं कसं बोलू? दिवस मावळताना तरणी पोर, हातात फोन, एकटी टाकीवर. गावाच्या तोंडाला काय झाकण हाय? कुणाशी बोलत हुती त्येचं नावबी ठरवून मोकळी झाल्यात. तिच्याच वर्गातल्या उत्कर्षचं.

आरोही : अप्पा, किती वेळा सांगू? मी तास बघत होते.

बब्रुवान : गप बस! मॅडम, तुमचा शनवारचा फोनवरचा तास ही पोरं कशी बघत्यात, मला ठावं न्हाय व्हय? गावात रेंज न्हाय. उत्कर्ष लोहाऱ्याला जातो, फोनात भरून आणतो, अन् समाजमंदिरात पाची जणं बसून ऐकत्यात. रीतच हाय तशी. मग त्या दिशी हिलाच टाकी कशाला लागली? खोटं बोलावं, पर जरा धड तरी बोलावं माणसानं.

शामला : ती खरं बोलतेय.

बब्रुवान : तुमी पोरांचीच बाजू घेनार.

शामला : आधी ऐका तर. एकानं आणायचं आणि पाचांनी ऐकायचं, हे त्यांना मीच सांगितलं होतं. पण कॉलेजनं ते पोर्टल घेतलंय ना, त्याला समाजमंदिर कळत नाही. ज्याच्या नावानं तास उघडला, तो एकटा हजर. उत्कर्ष हजर, बाकीचे चौघं गैरहजर. आणि गैरहजर पोरांना परीक्षेला बसता येत नाही.

बब्रुवान : आरं तिच्या! म्होरं बसून ऐकनारी पोरं गैरहजर? अन् तुमी काय केलं?

शामला : प्राचार्यांकडं गेले. ते म्हणाले, पोर्टलवर दिसतं तेवढंच धरायचं. वर्गाची हजेरी कमी दिसली की आधी माझं नाव लाल होतं, बब्रुवानराव. तीन महिने लालच होतं. मग मी...

आरोही : मॅडम, ऱ्हाऊ द्या ना.

शामला : का राहू द्या? लोकांनी तुझी अब्रू वेशीला टांगली आणि मी चहा पिऊन परत जाऊ? मी वर्गात पोरांवर खेकसले. आपापल्या फोनवर, आपापल्या नावानं उघडा म्हटलं. ही उठून म्हणाली, मॅडम, आमच्याकडं रेंज फक्त टाकीवर लागते. मी म्हटलं, मग टाकीवर जा, मला रडगाणी नकोत.

बब्रुवान : तुमी म्हणलात? टाकीवर जा म्हणून?

शामला : मी म्हटलं.

बब्रुवान : अन् तू गं? घरात का बोलली न्हाईस हे?

आरोही : तुमी कॉलेजात जाऊन मॅडमला वाट्टेल ते बोलला असता. माझं कॉलेज सुटलं असतं.

बब्रुवान : बोललो असतोच! आत्ताबी जीभ वळवळतीया. दारात आल्याल्या माणसाला बोलू नये म्हणून गिळतोय. माझ्या पोरीचं पळणं गेलं, मॅडम. अन् वर म्याच तिला धा दिवस चोरावानी ठिवली. आईशिवाय कुणी बोललं न्हाय तिच्याशी.

शामला : मला बोला. बोलायलाच पाहिजे. आणि पारावर चला, हे सगळं मी गावासमोर सांगते.

बब्रुवान : गाव मानंल? मास्तरीण सारवासारव करतीया म्हणतील.

शामला : हे बघा. त्या संध्याकाळचा पोर्टलचा फोटो काढून आणलाय. वाच आरोही.

आरोही : माझं नाव हाय, अप्पा. त्या दिवसाची तारीख. तास, अवर्षण आणि शेती. म्होरं हिरवी खूण. "शेवटपर्यंत पाहिला. हजर."

बब्रुवान : शेवटपतूर? किती येळाचा असतो त्यो?

शामला : पाऊण तासाचा.

बब्रुवान : अन् तू पडलीस कवा?

आरोही : सुरू झाल्या झाल्याच. फोन कठड्याला टेकवला अन् बसाय गेले, तर शेवाळावरनं पाय सटकला.

बब्रुवान : मग शेवटपतूर कुणी बघितला?

शामला : कुणीच नाही. फोन वर चालूच राहिला.

(बब्रुवान पेटीतून फोन काढून आरोहीच्या उशाशी ठेवतो.)

आरोही : मला खाली ऐकू येत होतं, मॅडम. सगळा तास. मी हाका मारत होते, रानात चिटपाखरू न्हाय. वरनं तुमी शिकवत होता. शेवटाला म्हणालात, कुणाला काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा.

बब्रुवान : मग गं?

आरोही : सांगतच होते की, अप्पा.