कोऱ्या पाण्यातला उंचवटा

(वहिनी औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते, दीर तिथेच ढवळण्याच्या यंत्रावर असतो. बारा दिवसांपासून त्याला घरी बसवलंय. आज दुपारी ती त्याच्याकडे आली आहे.)

दीर : पुन्हा सांगा, वहिनी. नुसतं पाणी?

वहिनी : नुसतं पाणी, भावोजी. औषधाचा थेंबही नव्हता. तरी आलेखात शेवटी तोच उंचवटा.

दीर : ज्याच्यावरून माझी अख्खी बॅच बाद केलीत?

वहिनी : तोच.

दीर : मला कळेल असं सांगा. मी ढवळणारा माणूस.

वहिनी : आमच्या तपासणीच्या उपकरणात कागदाएवढी बारीक फट असते. तिच्यातून पाणी पुढे वाहतं, आणि थोडं आम्ही खालच्या पडद्यातून ओढून घेतो. त्या ओढीने औषधाचे मोठे कण तळाला जातात. तळाशी पाणी रेंगाळतं, म्हणून ते मागे पडतात. बारीक कण वर राहतात, धारेला लागतात, आधी बाहेर येतात. गुठळ्या सगळ्यात शेवटी. जे बाहेर येतं, त्याचा आलेखात उंचवटा उठतो.

दीर : म्हणजे शेवटी उंचवटा आला, की ढवळणाऱ्याने घोळ घातला.

वहिनी : किंवा पडदा खराब झाला. जुन्या नमुन्यांचा गाळ त्याला चिकटला होता. ओढ थांबवली की सुटून यायचा. आधी कोरं पाणी सोडून बघायचं असतं. त्या दिवशी मी बघितलं नाही.

दीर : का?

वहिनी : घाई होती. दुसरं कारण नाही.

दीर : आई धड बोलत नाही माझ्याशी. म्हणते, सुनेसमोर नाक कापलंस.

वहिनी : आईंना मी सांगते. साहेबांना आज लेखी दिलंय. नवा पडदा बसवून तुमचा राखून ठेवलेला नमुना तीनदा चालवला. एकच उंचवटा, सरळसोट. इतकं एकसारखं काम मी वर्षभरात पाहिलं नाही.

दीर : गप्प बसला असतात तर कुणाला पत्ता लागला नसता.

वहिनी : मला लागला होता ना.

दीर : तुमचं काय होईल?

वहिनी : सोमवारी बोलावलंय. बघू. तुम्ही का तोंड पाडून बसलात?

दीर : काल साहेबांना टपालाने पत्र धाडलं. यंत्राचा वेग मीच वाढवला, चूक कबूल आहे, म्हणून.

वहिनी : अहो, वेगाची नोंद बरोबर होती! खोटं कशाला लिहिलंत? नोकरी टिकावी म्हणून?

दीर : खोटं म्हणून नाही लिहिलं, वहिनी. वेगाच्या बटणावर हात गेलेला मला आठवायलाच लागला होता.