मोठ्या सुट्टीचा ठराव

मोहिनी : सही माहीच हाये. नाही म्हनत नाही. पन वर काय लिव्हलं ते वाचा, मॅडम.

कामिनी : मॅडम काय गं? फैजपूरच्या शाळेत एका बाकावर बसायचो आपण. तू शाळा समितीची अध्यक्ष आहेस, आधी बस तरी.

मोहिनी : बसाले नाही आली. वाचा.

कामिनी : "दुपारची मोठी सुट्टी बंद करून त्या वेळेत मुलांचा वाचन सराव घ्यावा. सूचक, सौ. मोहिनी जीवराम झांबरे. सर्वानुमते मंजूर."

मोहिनी : मी सुचवलं? कवा?

कामिनी : सूचक कोणीतरी लागतोच. आणि दर बैठकीला असंच तर होतं. तुम्ही बायका चहा घेता, सह्या करता, केळीत कामाला जाता. पान मी नंतर भरते.

मोहिनी : पंखा दुरुस्ती, खिचडीले नवं गंज-पातेलं, असंच लिव्हत व्हती तू. म्हनून चार वर्सं कोऱ्या पानावर सही देल्ली. ठरावाचं पुस्तक तुह्या हातात व्हतं ना, कामिनी!

कामिनी : तपासणीत आपली शाळा वाचनात सगळ्यात मागे निघाली. साहेबांनी भर मीटिंगमध्ये मला उभं केलं. इथे पोरं अर्धा तास नुसती हुंदडतात. तेवढ्यात एक धडा होतो.

मोहिनी : व्हते का?

कामिनी : ...पेंगतात. चिडचिड करतात. होईल सवय.

मोहिनी : तुले झाली असती? तिसरीपर्यंत वर्गात तुह्या तोंडातून शबुद नाही निंघे. बाई म्हनत, मुकी हाये. मंग सुट्टीत लंगडी खेळतांना तू मले धरलं अन् वरडली, "मोहिनी बाद!" तठून बोलाले लागली तू. अन् तूच सुट्टी बंद केली?

कामिनी : तेव्हाचं वेगळं होतं.

मोहिनी : माही दिपमाला तशीच हाये. सुट्टीतच काय ते बोले. काल वर्गात उभी राहून तिनं इचारलं, सुट्टी कवा व्हईन? वर्गात पयल्यांदा बोलली पोरगी. तू काय दाखवलं तिले?

कामिनी : (खाली पाहत) ठराव. तुझी सही.

मोहिनी : घरी येऊन म्हने, आई, तूच बंद केली ना? तवापासून माह्यासंगं बोलत नाही. तुह्या साहेबाचा राग नाही मले. तो कोन, मी कोन! तू दगा देल्ला. तू.

कामिनी : चुकलं माझं, मोहिनी. खरंच चुकलं. उद्यापासून सुट्टी सुरू करते, नवा ठराव घेते. हे बघ, या पानावर खाली सही करून जा. वरचं मी सावकाश लिहिते.

मोहिनी : नाही. तू आधी लिव्ह, मी उभी हाये. दिपमाले, दारात काबरं थांबली? ये आत. माह्यासंगं नको बोलू, बेटा. मॅडम काय लिव्हतात ते नुसतं वाच मोठ्यानं. तुह्या तोंडून आयकलं की मंग करते सही.